वाकडं अंगण

लेंगाजवळ, मुआर नदीच्या काठी,
ताडतेलाच्या गिरणीत बॉयलर तपासायला आलेला माणूस मी.
मुक्काम तीन आठवडे. दिवसा वाफेचा दाब, जोडांतल्या भेगा,
रात्री भाड्याच्या खोलीत पंख्याची तीच ती तक्रार.

वाद्य ऐकू आलं म्हणून गेलो, एवढंच.
खांबांवर उभी गावकीची लाकडी खोली,
पायऱ्यांशी चपलांचा ढीग, डास हाकलणारा धूर,
आणि दारात रुगायाबाई, सत्तरी ओलांडलेल्या.
काही विचारलं नाही. माझ्या पँटवरून लुंगी गुंडाळली
आणि गाठ मारून मोकळ्या झाल्या.

"काकी," त्या म्हणाल्या, माझ्याकडे खाली बोट दाखवून.
मी मागे वळून बघितलं, कुठली काकी आली.
पोरं हसून हसून भिंतीला टेकली.
त्यांच्या भाषेत काकी म्हणजे पाय.
खांद्याला मात्र बाहू म्हणतात,
म्हणजे तो आपलाच, जरा वर सरकलेला.
बाहू सैल सोड, काकी हलकी ठेव:
या दोन नातेवाइकांवर माझा पहिला आठवडा निभला.

झापिन. मात्रा चार, पावलं तीनच.
चौथी मोकळी सोडायची.
पाय उचललेला, टेकवायचा नाही,
कुणी बोलता बोलता थांबलं
की आपण मध्ये तोंड घालत नाही, तसं.
मला ती मोकळी जागा सोसेना.
दर वेळी नेमकी तिथेच माझी टाच: धप्प.
गाम्बूस छेडता छेडता हाजी सुरादी डोळे मिटून घेत,
दात दुखतोय जणू.

माझी जोडीदार हुस्ना, वय वर्षं नऊ.
ती सरळ रेषेत जाई, वळे, सरळ रेषेत येई.
मी मात्र दर फेरीला
नदीकडच्या भिंतीला जाऊन लागलेला.
नाचता येईना... पुढचं मी गिळलं.

पण हाडाचा तपासनीस.
दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणसळ घालून लवकर गेलो,
ओणवा होऊन फळ्यांवर ठेवली.
बुडबुडा नदीकडे पाठ फिरवून
थेट वरच्या टोकाला पळाला.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू.
चोपन्न वर्षांच्या आयुष्यात
पहिल्यांदाच अंगण खरोखर वाकडं निघालं होतं.

रुगायाबाई आल्या, त्यांना बुडबुडा दाखवला.
हुस्नाच्या शाळकरी इंग्रजीतून सांगितलं:
नदीकडचे दोन खांब खचलेत.
एक जॅक, चार पाचरी, रविवारी मी एकटा करून देतो.
त्यांनी पाणसळ हातात घेतली,
तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी,
बुडबुड्याला हवा तसा चालवला.
तो त्यांचं ऐकत होता.

मग म्हणाल्या, ठाऊक आहे.
जोहोर बारूच्या मोठ्या रंगमंचावर
आमची पोरं लगेच ओळखू येतात,
सपाट जमिनीवरही जराशी कलून नाचतात,
तिथे नसलेल्या नदीपासून लांब.
पुढच्या वर्षी हे पाडणार, सिमेंटचं बांधणार,
पैसे मंजूर झालेत.
आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून:
याला आता कोण शिकवणार पुन्हा?

पाणसळ मी पिशवीत टाकली.
गिरणीच्या दाखल्यावर सही केली, सगळं ठीक.
खांबांना हात लावला नाही.

शेवटच्या रात्री, एकाच फेरीत, एकदाच,
चौथ्या मात्रेला पाय वर राहिला.
खाली फळ्या, फळ्यांखाली चिखल,
चिखलातून काहीतरी सुळकन गेलेलं ऐकू आलं.
हाजींचे डोळे उघडेच होते.
तेवढ्या नादात मी वळायचं विसरलो,
आणि हुस्ना पलीकडे पोचून,
कमरेवर हात ठेवून,
माझी वाट बघत उभी.